बेन लिआवरचे एकसष्ट दगड

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी इशबेल मॅक्रेने खडू पाण्यात बुडवला आणि दाराबाहेरच्या फळ्यावर तारीख लिहिली. बुधवार, सतरा ऑक्टोबर. ओला खडू वाळला की चिकटून बसतो, पावसाच्या उडत्या थेंबांनी पुसला जात नाही. सव्वीस वर्षं ती असंच लिहीत आली होती. वारा नैऋत्येचा, खाली ताशी तीस मैल, माथ्यावर पंचेचाळीस. ढगांचा तळ सकाळी आठशे मीटर, दुपारी पाचशे. नऊशेच्या वर पाणी गोठेल. अधूनमधून गारा. उजेड संध्याकाळी सहापर्यंत. हे सगळं हवामान खात्याकडून यायचं. शेवटची ओळ मात्र तिची स्वतःची होती आणि गेली तीन वर्षं रोज तीच होती: होकायंत्र पिशवीत नको, हातात.

वसतिघर बावीस खाटांचं. समोर खाडी, मागे बेन लिआ. उंची नऊशे चौऱ्याहत्तर मीटर, म्हणजे तीन हजार फुटांच्या वर, म्हणून स्कॉटलंडमधल्या तसल्या सगळ्या शिखरांची यादी खिशात घेऊन एकेकावर खूण करत फिरणाऱ्यांना हा डोंगर टाळता येत नाही. वर्षाला दोन-अडीच हजार माणसं इथे झोपतात, ओले मोजे वाळवतात, सकाळी वहीत नाव लिहितात, कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजता परतणार तेही लिहितात, आणि निघतात. संध्याकाळी इशबेल वहीतल्या नावांवर काट मारते. काट मारायची राहिली आणि लिहिलेल्या वेळेवर एक तास गेला, की ती बचाव पथकाला फोन करते. पथक म्हणजे गावातलीच चौदा माणसं.

मर्डो नेहमीप्रमाणे सहाला आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर डोंगरावर सरदारांच्या हरणांची राखण आणि शिकारीची व्यवस्था पाहिलेला माणूस. बूट न काढता स्वयंपाकघरात येण्याची परवानगी फक्त त्याला होती, आणि तीही कुणी दिलेली नव्हती. त्याने फळा वाचून घेतला होता.

"माथ्यावर पंचेचाळीस लिहिलंस. पंचावन्न असेल."

"खातं पंचेचाळीस म्हणतं."

"खातं शहरात बसतं, पोरी. माझा गुडघा इथे राहतो."

इशबेल अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने त्याच्यापुढे मीठ घातलेली ओटची लापशी ठेवली. त्याने चमचा उचलला आणि मग विचारलं, ती बाई आली का? काल संध्याकाळच्या गाडीने आली, इशबेलने सांगितलं. वर झोपली आहे.

"मग आज तरी ती रास पाडणार? की बाकीच्या सगळ्या पाडून तेवढी एक राखून परत येणार?"

इशबेलने लापशीचं भांडं पुसायला घेतलं. तो तिला टोमणा मारत होता आणि टोमणा खरा होता.

दर बुधवारी ती बेन लिआवर जायची ते दगडांच्या राशी पाडायला. डोंगरावर वाट दाखवायला दगडांची रास रचतात. जाणारा-येणारा तिच्यावर एक दगड ठेवतो. पाय घसरू नये म्हणून, सवय म्हणून, आपले आजोबा ठेवायचे म्हणून. गेलेल्या माणसाचीही रास असते. तुझ्या राशीवर दगड ठेवीन, असं इथली म्हातारी माणसं निरोप देताना म्हणत, म्हणजे तुला विसरणार नाही. पण रास कशाची आहे हे दगडावर लिहिलेलं नसतं. कुणी जेवायला बसतो तिथे दोन दगड रचून जातो, पुढचा त्यावर तिसरा ठेवतो, आणि वर्षभरात कुठेही न नेणारी एक वाट तयार होते. स्वच्छ हवेत त्याने काही बिघडत नाही. ढगात माणूस राशीमागून राशीकडे चालतो.

बेन लिआच्या माथ्यावरून उतरायला एकच सुरक्षित बाजू आहे. पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला झुकून, तीनशे पावलं, मग खिंड. खिंडीच्या तोंडाशी एक मोठी जुनी रास. वायव्येला एकशेवीस पावलांवर मात्र घळीचं डोकं आहे. तिथून खाली दोनशे मीटर ताशीव कडा आणि सुट्या दगडांचा घसारा. त्या घळीच्या डोक्याशीही एक रास होती. ती मर्डोच्या बापाने रचलेली. माथ्यावर मारलेली हरणं तिथून दोराने खाली सोडायची आणि खाली तट्टू उभं असायचं, त्यासाठी ती खूण. मेलेल्या हरणांच्या वाटेची. हरणं सोडणं थांबून चाळीस वर्षं झाली, तरी रास वाढत राहिली. इशबेलला ती कशाची ते ठाऊक होतं. तरीही त्या बाजूने जाताना तिचा हात आपोआप खाली जायचा आणि एक दगड वर ठेवायचा. तिचा काय आणि मर्डोचा काय.

तीन वर्षांपूर्वी, याच तारखेला, फिनले गॅलब्रेथ नावाचा चोवीस वर्षांचा नळकाम करणारा मुलगा पेस्लीहून एकटा आला होता. त्याने लापशी दोनदा मागून घेतली. वहीत लिहिलं: बेन लिआ, खिंडीतून खाली, पाचपर्यंत परत. दारात बुटाच्या नाड्या बांधताना त्याने विचारलं होतं, वर ढग आला तर? इशबेल भांडी विसळत होती. ती म्हणाली होती, "राशी धरून जा, त्या चुकवत नाहीत."

सहाला तिने फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी घळीच्या तळाशी सापडला. होकायंत्र पिशवीत, डबीत, न उघडलेलं.

त्याची आई एल्स्पेथ तेव्हापासून दर सतरा ऑक्टोबरला यायची. पथकाने घळीवरची रास त्याच आठवड्यात उधळून टाकली होती. पहिल्या वर्षी एल्स्पेथ दोन भाच्यांना घेऊन वर गेली आणि मुलगा जिथून गेला तिथे तिने त्याची रास रचली. तळाला पांढऱ्या गारगोटीवर काळ्या रंगात त्याच्या नावाचं पहिलं अक्षर रंगवलं. आजूबाजूला पसरलेले दगडच तिने घेतले, दुसरे आणणार कुठून? इशबेल सोबत होती. तिने नको म्हटलं नाही. तिने दगड उचलून एल्स्पेथच्या हातात दिले.

त्यानंतर लोक त्या राशीवर दगड ठेवत गेले. या महिन्याच्या तीन तारखेला अ‍ॅबर्डीनचं एक जोडपं ढगात त्या राशीकडे चाललं. बाई वीस फूट खालच्या पायठणीवर, कड्यातल्या अरुंद पायरीवर, पडली, घोटा मोडला, नऊ तास तिथे होती. नशीब म्हणून पायठण होती. पथकप्रमुखाने इशबेलला सांगितलं, सतराला ती आई येऊन जाऊ दे, अठराला आम्ही वर जाऊन पाडतो. इशबेल म्हणाली, मी पाडते. तिला विचारून.

आता तिला विचारायचं होतं. आणि विचारायचं तर आधी ते वाक्य सांगायला हवं होतं. दर वर्षी एल्स्पेथ त्या सकाळबद्दल विचारायची आणि दर वर्षी इशबेल लापशीचं सांगायची, दोनदा मागून घेतली म्हणून. वाक्याचं सांगायची नाही.

"लापशीत साखर घातली होती का त्याने?" मर्डोने एकदा विचारलं होतं.

"नाही. मीठच."

"मग जुन्या वळणाचं चांगलं घर होतं," तो म्हणाला होता. फिनलेला उचलून खाली आणणाऱ्यांत तोही होता.

एल्स्पेथ गॅलब्रेथ सातला खाली आली. छप्पन्न वर्षांची, ठेंगणी, शाळेच्या जेवणघरात वाढपाचं काम करणारी. पहिल्या वर्षी तिचे बूट बाजारात जायचे होते. आता चांगले होते, तेल लावलेले. तिने वहीत स्वतः लिहिलं: मॅक्रे, गॅलब्रेथ, बेन लिआ, खिंडीतून खाली, पाचपर्यंत परत. इशबेल ते वाचत नसल्यासारखी थर्मासात चहा ओतत राहिली.

मर्डोने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. "मिसेस गॅलब्रेथ, ही वाटेत थांबली नाही तर तिची पिशवी ओढा," तो म्हणाला. "माणसाला श्वास लागतो हे तिला कळत नाही. आणि वर पंचावन्नचा वारा असेल, माझा गुडघा सांगतो."

सव्वासातला उजेड नुकता फुटत होता. पहिला तास वाट ओढ्याच्या कडेने जाते. खाडी शिशासारखी दिसत होती, डोंगर पायथ्यापासून डोक्यापर्यंत मोकळा होता, एकही ढग नाही. एल्स्पेथ म्हणाली, फळ्यावर तर काय काय लिहिलं आहे. इशबेल म्हणाली, दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी पाठीमागून सर आली, तिरकी, कानात शिरणारी. दोघींनी वरचे कोट चढवले. कोट चढवून होईतो सर गेली आणि खाडीवर इंद्रधनुष्याचा बुंधा उभा राहिला. पुढच्या चढावर घाम आला म्हणून कोट उतरवले. मग गारा. चढ-उताराइतकाच वेळ इथे कपडे काढण्या-घालण्यात जातो, आणि जो कंटाळून एकदा अंगावरचं तसंच ठेवतो तो ओला होतो आणि ओला झालेला वर गारठतो.

इशबेलने ठरवलं होतं, लाकडी पुलापाशी सांगायचं. पुलापाशी ओढ्याचा आवाज मोठा होता. मग तिने ठरवलं, सोंडेच्या सुरुवातीला. तिथे एल्स्पेथ पेस्लीच्या शाळेतल्या मुलांचं सांगायला लागली, वाटाणे कोण ताटाखाली लपवतं ते, आणि हसली. तिला हसताना इशबेलने यापूर्वी पाहिलं नव्हतं. तिथेही राहिलं.

सहाशे मीटरवर पहिली खोटी रास दिसली. चार चपटे दगड, वाटेच्या डावीकडे, दलदलीच्या तोंडाशी. इशबेलने वाट सोडली, बुटाने ती ढकलली, दगड उचलून लांब लांब फेकले, प्रत्येक वेगळ्या दिशेला. परत आली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. तिसरीवर कुणीतरी हौसेने वर एक उभा दगड बसवला होता.

"कशाला पाडता?" एल्स्पेथने विचारलं.

"ही कुठेच नेत नाही."

"रचणाऱ्याने मेहनत केली असेल."

"केली असेल."

त्यानंतर शाळेच्या गोष्टी थांबल्या. दोघी एकामागून एक चालत राहिल्या आणि इशबेलच्या लक्षात आलं की मागची बाई आता तिच्या बुटांकडे पाहत नाही, हातांकडे पाहते आहे.

आठशेवर ढगाने त्यांना गाठलं. तो येताना दिसत नाही. आधी दूरची शिखरं जातात, मग खाडी, मग पुढची सोंड, मग आपल्याला वाटतं की चष्म्यावर वाफ आली. वारा मर्डोच्या गुडघ्याप्रमाणे निघाला. बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागत होतं. खडक ओले होते, त्यावर बर्फाची पातळ साय धरायला लागली होती. हाताने धरून चढायच्या दोन पायऱ्यांवर इशबेल खाली उभी राहून एल्स्पेथचा बूट कुठे टेकवायचा ते हाताने दाखवत होती. एल्स्पेथ घाबरली नाही. प्रत्येक पायरीवर ती थांबली, पाय टेकवून मनात काहीतरी मोजलं आणि पुढे गेली. सव्वाबाराला त्या माथ्यावर पोचल्या. दहा पावलांपलीकडे काही नव्हतं. उजवीकडेही राखाडी, डावीकडेही तेच.

माथ्याच्या मोठ्या राशीच्या आडोशाला दोघी बसल्या. इशबेलने एल्स्पेथच्या कानाशी सांगितलं, आधी पश्चिमेला खिंडीच्या राशीपर्यंत जाऊ, तिथे वारा कमी आहे, खाऊन घेऊ, ढग उचलला तर मग फिनलेच्या राशीकडे वळू, नाही उचलला तर नाही. एल्स्पेथने मान हलवली. इशबेलने हातमोजा दातात धरून काढला आणि होकायंत्राची चकती फिरवायला घेतली. बोटं गारठली होती, चकती फिरेना. अर्ध्या मिनिटाचं काम, दोन मिनिटं लागली.

तिने डोकं वर केलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

ढग क्षणभर विरळ झाला होता. पुढे, एल्स्पेथची पाठ दिसत होती, लाल पिशवी, आणि तिच्याही पुढे एक काळा ठिपका. वाऱ्यातून तुटका आवाज आला. "सापडली, खिंडीची रास, ही इथेच..." आणि ढग पुन्हा मिटला.

इशबेलने होकायंत्राकडे पाहिलं. पाठ वायव्येला गेली होती.

ती धावली नाही. त्या दगडांवर धावता येत नाही. ती दर दोन पावलांना एक असं मोजत गेली, नेहमीच्या सवयीने, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक चौथ्या पावलाला नाव घेऊन हाक मारत होती. पंचावन्नला पाठ दिसली. एल्स्पेथ राशीपाशी वाकली होती. तिने पायाजवळचा एक दगड उचलला, राशीच्या वर ठेवला, हलत नाही ना म्हणून तळव्याने दाबला, आणि राशीला वळसा घालून पुढे एक पाऊल टाकलं.

"एल्स्पेथ. हलू नका. आहात तिथे उभ्या राहा."

एल्स्पेथ उभी राहिली. वाऱ्याने समोरचा ढग खालून फाडला आणि तिच्या बुटापासून हातभर अंतरावर जमीन संपलेली दिसली. खाली घळीच्या भिंती, त्याखाली घसाऱ्याची जीभ, अगदी तळाशी ओढ्याची पांढरी रेघ. मग तेही झाकलं गेलं. इशबेलने तिच्या पिशवीचा पट्टा धरून तिला मागे घेतलं. मागे येताना एल्स्पेथची नजर राशीच्या तळाकडे गेली. पांढरी गारगोटी. त्यावरचं अक्षर अर्धं उडालेलं होतं.

"ही माझीच," ती म्हणाली.

दोघी राशीच्या आडोशाला बसल्या, कारण बसायला तेवढीच जागा होती. इशबेलने थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्या हातात दिला. मग इशबेलने सांगितलं. आता पूल नव्हता, ओढा नव्हता, आणि गप्प राहणं जमण्यासारखं नव्हतं.

"त्या सकाळी त्याने मला विचारलं होतं, ढग आला तर काय करू. मी म्हटलं, राशी धरून जा, त्या चुकवत नाहीत. दर वर्षी मी तुम्हाला लापशीचं सांगते. हे सांगत नाही."

एल्स्पेथने झाकण दोन्ही हातांत धरलं.

बाकीचंही इशबेलने सांगितलं, क्रमाने, जसं ती फळ्यावर लिहायची तसं. इथे आधी एक रास होती. ती हरणं सोडायची खूण होती आणि हे तिला ठाऊक होतं. वीस वर्षं ती स्वतः तिच्यावर दगड ठेवत आली. आणि त्या दिवशी पथक वर आलं तेव्हा सगळ्या राशीवर चार बोटं बर्फ होता, फक्त सगळ्यात वरचा दगड बर्फावर ठेवलेला होता, त्याच्या खाली बर्फ दबलेला. पावलं राशीपर्यंत आली होती, वळसा घालून गेली होती. हे मर्डोने पाहिलं होतं. फिनलेने तो दगड ठेवला आणि तो पुढे गेला.

"आत्ता तुम्ही ठेवलात तसा," असं तिच्या तोंडून गेलं आणि ते परत घेता आलं नाही.

"तो कुठे आहे? त्याचा दगड?"

"यातलाच एक. पथकाने रास उधळली तेव्हा दगड इथेच पडले. पुढच्या वर्षी तुम्ही तेच घेतलेत."

"आणि तुमचे?"

"तेही यातच."

एल्स्पेथने झाकण खाली ठेवलं. ते वाऱ्याने उलटलं आणि कड्यावरून गेलं. दोघींपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात," ती म्हणाली. "मी रचत होते आणि तुम्ही मला उचलून देत होतात. एकेक."

"हो."

"तेव्हा एक शब्द बोलायचा होतात."

अ‍ॅबर्डीनच्या बाईचं इशबेलने सांगितलं, घोट्याचं, नऊ तासांचं. उद्या पथक येईल, नाहीतर आज मी पाडते, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही, म्हणाली.

"आज विचारता," एल्स्पेथ म्हणाली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

गारा आल्या, गेल्या. एकदा एवढं लख्ख ऊन पडलं की ओल्या दगडांवरून वाफ निघाली. खालची खाडी, वसतिघराचं पत्र्याचं छप्पर, फाटक, सगळं नखाएवढं दिसलं. एल्स्पेथ तिकडे पाहत असावी. मग पुन्हा राखाडी. वीस मिनिटांनी ती उठली, राशीवरचा वरचा दगड, स्वतः ठेवलेला, दोन्ही हातांनी उचलला आणि विचारलं, "हा कुठे ठेवला असता तर बरोबर झालं असतं?"

"खिंडीच्या राशीवर. तिथून खाली वाट लागते. तीन तासांत घर."

"त्याचा यातला कोणता ते तुम्हाला ओळखता येणार नाही."

"नाही."

"मलाही नाही." तिने दगड पिशवीत ठेवला. "म्हणजे सगळे न्यायला हवेत."

नारळाएवढे, काही त्याहून मोठे दगड. एका पिशवीत दोन-तीन मावतात, पेलवतातही तेवढेच. आधी त्यांनी रास पाडली. एल्स्पेथ एकेक उचलत होती, इशबेल तो घेऊन जमिनीवर आडवा, एकमेकांपासून दूर ठेवत होती, ढगात कुणाला रास भासू नये असे. एल्स्पेथ मोठ्याने मोजत होती, जेवणघरात ताटं मोजतात तसं, सूर न बदलता. एकसष्ट भरले. गारगोटी तिने धरली नाही मोजणीत. ती कोटाच्या आत गेली.

मग त्या होकायंत्र हातात धरून घळीपासून खिंडीपर्यंत गेल्या, पिशव्या खांद्याला कापत. खिंडीच्या राशीवर दगड ठेवले आणि परत आल्या. तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला इशबेलचा पाय बर्फाच्या सायीवरून सरकला आणि ती गुडघ्यावर आदळली. एल्स्पेथने हात पुढे केला नाही. थांबली, ती उठेपर्यंत. तिसऱ्या खेपेला ढग पाचशेपर्यंत उतरला असावा, फळ्यावर लिहिलं होतं तसा, आणि अडीच वाजले होते. चौदा दगड झाले होते. इशबेलने घड्याळ दाखवलं. एल्स्पेथने मागे, न दिसणाऱ्या घळीकडे, एकदा पाहिलं आणि खिंडीतून उतरायला लागली.

उतारावर ती पुढे चालली. इशबेलने दोनदा वाट निसरडी असल्याचं सांगितलं, दोनदा ती ऐकून जपून चालली. खिंडीखाली पाऊस होता, त्याखाली नुसतं धुकं, ओढ्यापाशी काहीच नाही, कोरडी हवा आणि पक्ष्यांचा आवाज. सकाळी उतरवलेला आणि चढवलेला प्रत्येक कपडा आता ओला होता.

पाच चाळीसला मर्डो फाटकात उभा होता, घड्याळ हातात धरून. आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर पथकाला चहा सोडून उठावं लागलं असतं, असं काहीतरी तो म्हणणार होता. इशबेलला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने दोघींच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळा चिखल, बोटांची पेरं सोललेली. त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि फाटक उघडून धरलं.

"गुडघा बरोबर होता तुमचा," एल्स्पेथ त्याला म्हणाली. "पंचावन्न होता."

आत तिने बूट काढले, मोजे पिळले, वाळवायच्या खोलीत दोरीवर टाकले. इशबेलने वहीत दोन नावांवर काट मारली. पथकप्रमुखाला फोन करून सांगितलं, रास पाडली आहे, उद्या तुम्ही यायची गरज नाही. तो म्हणाला, बरं झालं, बाई काय म्हणाली? इशबेल म्हणाली, मोजले तिने.

जेवणाला मटणाचा रस्सा आणि बार्लीची भाकरी होती. एल्स्पेथने ताट संपवलं, धुतलं, पालथं घातलं आणि ओले केस पुसत विचारलं, सकाळची गाडी कितीला आहे?

"आठ दहाला," इशबेल म्हणाली.

"आणि परवाची?"

"तीही आठ दहाला."

एल्स्पेथने मान हलवली. गारगोटी तिने टेबलावर ठेवली नव्हती, खिशातच होती. खिशावर हात ठेवून ती जिना चढून गेली. तिने क्षमा केली होती की नाही हे इशबेलने विचारलं नाही. मर्डो लवकर घरी गेला. जाताना त्याने दारातल्या खुंटीवर स्वतःची जुनी मोठी पिशवी अडकवून ठेवली, हरणाच्या रक्ताचे डाग पडलेली, सहा दगड मावतील एवढी.

इशबेलने उद्यासाठी वही उघडली तेव्हा पहिली ओळ आधीच भरलेली होती, दाबून लिहिणाऱ्या हाताने: गॅलब्रेथ, मॅक्रे, बेन लिआ, खिंडीतून खाली, पाचपर्यंत परत. तिने वही मिटली आणि खडू पाण्याच्या वाटीशेजारी ठेवला. गुरुवार, अठरा ऑक्टोबर: सूर्य सात त्रेपन्नला उगवेल, फळा पाच चाळीसला लिहिला जाईल, आणि वर सत्तेचाळीस दगड आहेत.